भाऊचा धक्का ते मोरा : लाँचसेवेचा अनुभव

माझी थोरली बहीण उरणला दिलेली आहे, त्यामुळे मुंबईतील भाऊचा धक्का ते उरणजवळचे मोरा बंदर या लाँचने मी गेली अनेक वर्षे ये-जा करतो. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकलही धावू लागली. तरीही माझगाव, भायखळा परिसरात राहणाऱ्यांना आजही ही लाँचच सर्वांत सोयीची वाटते, आणि माझेही मत तेच आहे.

डॉकयार्ड रोड स्थानकावरून धक्का जवळ आहे. मासळीच्या टोपल्या आणि बर्फाचा चुरा चुकवत तिकीट काढले की ओल्या पायऱ्या उतरून लाँचमध्ये चढायचे. लाँच लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि खलाशी लाट वर येईपर्यंत थांबून वृद्ध बायकांना मनगटाला धरून आत घेतात. इतक्या वर्षांत त्यांची ही दक्षता कमी झालेली मी पाहिली नाही. पुढचा पाऊण ते एक तास मुंबईचे बंदर डोळ्यांसमोरून सरकत असते. बुचर बेटावर तेलाची जहाजे लागलेली असतात, त्यामागे घारापुरीचे डोंगर दिसतात, आणि मोरा जवळ येऊ लागले की न्हावाशेव्याच्या उंच क्रेन दिसू लागतात.

या सेवेची खरी अडचण मोरा बंदरातील गाळ ही आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि त्या दिवसांत पूर्ण ओहोटी नेमकी पहाटे व संध्याकाळी, म्हणजे नोकरदारांच्या ये-जा करण्याच्या वेळीच येते. अशा वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबतात. पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, लागला तरी सेवा बंद होते, परंतु ती सुरक्षिततेची बाब असल्याने त्याविषयी माझी तक्रार नाही.

भाऊचा धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत आहे. मोरा हे लहान बंदर असल्याने ते राज्याच्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. याच उरण तालुक्यात 1989 पासून सुरू असलेल्या न्हावाशेवा बंदरासाठी समुद्रातील जलमार्ग 15 मीटरपर्यंत खोल करण्यात आला आहे. मुंबई बंदरात 1914 साली सुरू झालेल्या गोदीला, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला, ओहोटीतही पाणी अडवून धरणारे दरवाजे आहेत. मालवाहू जहाजांसाठी जे केले जाते त्याच्या अल्प अंशानेही माणसांच्या या लाँचचा मार्ग बारमाही खुला राहील, कारण तिला दोन-तीन मीटर पाणी पुरते. केवळ एकदा गाळ उपसून भागणार नाही, कारण तो पुन्हा साचतो. त्यासाठी दरवर्षीची तरतूद हवी.

मागे एका पौर्णिमेला संध्याकाळी मी परतीसाठी मोऱ्याला पोहोचलो, तेव्हा पुढची फेरी पाणी भरल्यावर सुटेल असे कळले. सोबत ताप आलेले मूल घेऊन निघालेली एक बाई होती. तिला रिक्षाने पुन्हा उरण गाठावे लागले. फेरी थांबणार हे पंचांगावरून आधीच ठाऊक असते, मग तिकीट खिडकीशेजारी त्या दिवसाच्या ओहोटीच्या वेळा खडूने लिहून ठेवल्या तरी अशी परवड टळेल.

त्या दिवशी एका वयस्क खलाशाने मला तिथीची पाऊणकी करायला, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायला, शिकवले. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाचनंतर पाणी ओसरलेले. तेव्हापासून मी बहिणीकडे अष्टमी-नवमीच्या आसपास जातो, आणि संध्याकाळच्या लाँचने वेळेवर घरी पोहोचतो.