दोन वधूंची पत्रिका आणि एक नाकारलेली चिठ्ठी : पुण्यातील एका छापखान्याचा अनुभव

अप्पा बळवंत चौकापासून पाच-सात मिनिटे चालत गेल्यावर एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर असलेल्या छापखान्यातून आम्ही यंदा माझ्या मुलीच्या सहजीवन सोहळ्याच्या दोनशे पत्रिका छापून घेतल्या. काम उत्तम झाले, दरही वाजवी लागला. आमच्या मागणीतला एक भाग मात्र मालकांनी स्वच्छ शब्दांत नाकारला, आणि तरीही मी हा छापखाना इतरांना सुचवते आहे. छापखान्याचे नाव देऊ नये अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. ज्यांना अशीच पत्रिका छापून घ्यायची आहे, त्यांना दुकान कसे पारखावे हे कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते. मी स्वतः तीस वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली केली असल्याने त्यात कायद्याचा भाग येणे अपरिहार्य आहे.

येथे येण्यापूर्वी आम्ही शहरातल्याच एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलाने अर्धा तास नमुन्यांचे अल्बम दाखवले, कागदाचे प्रकार समजावून सांगितले, चहासुद्धा मागवला. मग मागणीचा फॉर्म पुढे आला. त्यात ‘वर’ आणि ‘वधू’ असे दोन रकाने होते, आणि माझ्या मुलीने दोन्हींत मुलींची नावे लिहिली. मुलगा फॉर्म घेऊन आत गेला, मालक बाहेर आले आणि “आमच्याकडे असलं काम होत नाही” एवढेच बोलून त्यांनी अल्बम मिटला. मजकुराचा एक शब्दही तोवर ठरलेला नव्हता. त्यांनी नाकारली ती समोर बसलेली दोन माणसे. मुलीने पेन टोपण लावून टेबलावर ठेवले आणि आम्ही उठलो. तिचा तो संथपणा मला अजून टोचतो.

दुकानदाराला असे करता येते का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, तोच पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात आला : धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी आणि तलाव यांपासून दूर ठेवता येणार नाही. हे बंधन एकट्या सरकारवर नाही, खासगी दुकानदारावरही आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा असल्याचे स्पष्ट केले होते. जो कोणी मोबदला घेऊन लोकांना आपली सेवा देऊ करतो, तो त्यात आला. छापखाना त्यात आलाच. राहिला ‘लिंग’ या शब्दाचा प्रश्न. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असे ठरवणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या नवतेजसिंह जोहर निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी अनुच्छेद १५मधील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही समाविष्ट असल्याचे म्हटले, आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांचा विचारही त्याच दिशेचा होता. एवढा आधार असूनही सर्व खासगी सेवांना लागू पडेल असा भेदभावविरोधी कायदा समलिंगी व्यक्तींसाठी आपल्याकडे आजही नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९च्या कायद्यात सेवा नाकारण्याविरुद्ध स्पष्ट तरतूद आहे. माझ्या मुलीला मात्र एका फॉर्मसाठी थेट घटनेचा आधार घेऊन न्यायालयात जावे लागले असते. आम्ही गेलो नाही. सोहळा पाच आठवड्यांवर आला होता.

आता या छापखान्याविषयी. मालक साठीच्या घरातले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढी वारी न चुकवणारे. अक्षरजुळणीचे काम त्यांचा मुलगा संगणकावर करतो; स्क्रीन प्रिंटिंग आणि सोनेरी फॉइलचे काम अजूनही मालकांच्या देखरेखीखाली होते. नावे ऐकून दोघेही क्षणभर थांबले, हे मी नमूद करते. पण त्यानंतर मालकांनी विचारले ते एवढेच : “मॅडम, किती प्रती आणि तारीख कोणती?”

खरी अडचण प्रूफमध्ये आली. त्यांच्याकडचा तयार साचा नेहमीचा होता, एका बाजूला ‘चि.’ आणि दुसऱ्या बाजूला ‘चि. सौ. कां.’. मुलाने पहिल्या प्रुफात एका नावापुढे नुसते ‘चि.’ आणि दुसऱ्यापुढे ‘चि. सौ. कां.’ ठेवले होते, म्हणजे न विचारता एकीला वर करून टाकले होते. त्यात हेतू वाईट नव्हता, साचाच तसा होता. माझ्या मुलीने ते खोडून दोन्हीकडे ‘चि.’ केले. ‘शुभविवाह’ हा शब्दही आम्हीच टाळला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य करण्यास नकार दिल्यानंतर कायद्याच्या दृष्टीने या सोहळ्याला नाव नाही, आणि तो शब्द मिळेल तेव्हा पूर्ण हक्काने छापू, असे मुलीचे म्हणणे होते. मग ‘सहजीवनाचा आरंभ’ ही शब्दयोजना मालकांनीच सुचवली, आणि ती सर्वांना पटली.

माझ्या मुलीच्या जोडीदाराचे आजोळ पंढरपूरचे. पत्रिकेच्या माथ्यावर विठ्ठलाचे चित्र हवे, असा तिच्या आईचा आग्रह होता. मालकांनी त्यावर एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी फोन आला, “आमच्या घरच्या पत्रिकांना जो ब्लॉक वापरतो, तोच घालतो.” दुसरा कसलाही खुलासा त्यांनी केला नाही आणि मीही मागितला नाही.

नकार आला तो चिठ्ठीवर. पत्रिकेसोबत लिफाफ्यात एक छोटी चिठ्ठी घालावी, असे दोघींच्या मनात होते. समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्या, अशी मागणी आणि तिला पाठिंबा देण्याचे आवाहन तिच्यावर असणार होते. मजकूर वाचून मालकांनी कागद परत दिला. पत्रिका ही आमच्या घरचे बोलावणे आहे आणि ते पोचवणे हे त्यांचे काम आहे. ही मागणी मात्र त्यांच्या श्रद्धेला पटत नाही आणि प्रत्येक छापील कागदावर ‘मुद्रक’ म्हणून त्यांचे नाव जाते, म्हणून ती ते छापणार नाहीत, असे त्यांनी शांतपणे सांगितले. निवडणुकीची पत्रकेही ते कोणत्याच पक्षाची घेत नाहीत. बाजूच्या गल्लीत डिजिटल प्रिंटचे दुकान आहे, तिथे हे अर्ध्या तासात होईल, हेही त्यांनीच सांगितले. विसार घेण्याआधी हे बोलणे झाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्या वेळी मला उत्तर आयर्लंडमधला अ‍ॅशर्स बेकरीचा खटला आठवला. मे २०१४ मध्ये गॅरेथ ली यांनी बेलफास्टमधील या बेकरीत ३६.५० पौंडांचा केक मागवला होता, आणि समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या, असा मजकूर त्यावर हवा होता. मागणी घेतली गेली, पैसे घेतले गेले, आणि मग ख्रिस्ती श्रद्धेचे कारण देऊन फोनवरून नकार कळवून पैसे परत करण्यात आले. खालच्या दोन्ही न्यायालयांत ली जिंकले. युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर २०१८ रोजी, आपल्या नवतेज निकालानंतर साधारण पाच आठवड्यांनी, पाच न्यायमूर्तींच्या एकमताने तो निर्णय फिरवला. त्या न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षा लेडी हेल यांच्या निकालाचा गाभा असा, की बेकरीने हा मजकूर भिन्नलिंगी गिऱ्हाइकालाही नाकारला असता. आक्षेप मागणाऱ्यावर नव्हता, मागितलेल्या मजकुरावर होता. ली समलिंगी आहेत म्हणून बेकरीने त्यांना केकच नाकारला असता, तर तो बेकायदेशीर भेदभाव ठरला असता, हेही त्यात स्पष्ट केलेले आहे. पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलेली तक्रार जानेवारी २०२२ मध्ये दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच अमान्य झाली.

मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्या हातात छपाईचे यंत्र आहे, त्याला स्वतःला अमान्य असलेले मत छापायला कायद्याने भाग पाडले, तर उद्या माझ्या मुलीच्या मैत्रिणींपैकी कोणी छापखाना चालवत असेल तिच्यावर समलिंगींविरुद्धची पत्रके छापण्याची सक्ती करता येईल. माळेचा असा अर्थ मी स्वतः काढत नाही, पण कोणत्या वारकऱ्याने माळेचा कोणता अर्थ काढावा हे न्यायालयाने ठरवू नये. न्यायालयाने पाहावे ते एवढेच, की श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि तिचा फटका माणसाला बसतो आहे का.

माझ्या मुलीला हे पटलेले नाही. तिचे म्हणणे असे, की त्या चिठ्ठीवरचे वाक्य हे मत नाही, ते तिचे आयुष्यच आहे; वाक्य नाकारणाऱ्याने तिला नाकारले नाही, हे ऐकायला सोपे आहे आणि सोसायला कठीण. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मात्र माझी रेषा नेमकी कुठे थांबते, हे मी तिला सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये कोलोरॅडोतील एका वेबसाइट बनवणाऱ्या महिलेच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला, आणि समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या वेबसाइट बनवण्यास नकार देण्याची तिला मुभा मिळाली, कारण अशी प्रत्येक वेबसाइट ही तिची स्वतःची अभिव्यक्ती मानली गेली. तो तर्क स्वीकारला, तर अल्बम मिटवणारे ते पहिले दुकानही बरोबर ठरते, कारण पत्रिकाही कोणीतरी रचलेली आणि सजवलेलीच असते. पण पत्रिकेत मत कोणते असते? दोन नावे, तारीख, स्थळ आणि जेवणाची वेळ. ती नाकारणे म्हणजे माणूस नाकारणेच होय, आणि ते अभिव्यक्तीच्या नावाखाली लपवता येऊ नये.

कामाचा दर्जा पाहता, ३०० जीएसएमच्या हस्तिदंती कागदावरील छपाई सुबक आहे. जोडाक्षरे कुठेही फुटलेली नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक निघाली नाही. लिफाफ्यासह एक पत्रिका ४२ रुपयांना पडली. अकरा पत्रिकांवर फॉइल सरकले होते, त्या त्यांनी विनातक्रार बदलून दिल्या. काम ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा मिळाले, ही उणीव धरावी लागेल. दुसरी उणीव त्या साच्याची. ‘वर’ आणि ‘वधू’ हे रकाने त्यांच्याही फॉर्मवर आहेत. तिथे नुसते ‘नाव’ असे दोनदा छापले, तर पुढच्या गिऱ्हाइकाला खोडाखोड करावी लागणार नाही, असे मी मालकांच्या मुलाला सुचवले आहे. कोणता मजकूर छापला जात नाही, हेही दरपत्रकावर लिहावे, असे सांगितले. फॉर्मचे त्याने लगेच मान्य केले, दरपत्रकाचे वडिलांना विचारतो म्हणाला.

एकादशीला छापखाना बंद असतो आणि वारीच्या काळात मालक भेटत नाहीत, म्हणून किमान चार आठवडे हाताशी ठेवूनच मागणी नोंदवावी. चिठ्ठी आम्ही बाजूच्या गल्लीतून छापून आणली. लिफाफ्यात बसावी म्हणून ती अर्धा इंच कापावी लागली, आणि ते कटिंग याच छापखान्यातल्या यंत्रावर, मालकांच्या मुलाने, पैसे न घेता करून दिले.