साउंडवेव्ह: जुन्या खेळण्याची नवी आवृत्ती, काही महिने वापरल्यानंतर

ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे गाड्या, विमानं, वस्तू यांचं रूप घेणारे यंत्रमानव. त्यांच्यातल्या डिसेप्टिकॉन टोळीत एकाहून एक वरचढ खलनायक आहेत. मेगाट्रॉनला सत्ता हवी, स्टारस्क्रीमला मेगाट्रॉनची खुर्ची हवी, शॉकवेव्ह सगळ्याचा हिशेब थंड डोक्यानं मांडतो. या सगळ्यांत मला सर्वांत धोकादायक वाटत आला आहे तो साउंडवेव्ह. तो एका कोपऱ्यात टेप रेकॉर्डर होऊन पडून राहतो आणि ऐकत राहतो. त्याचं १९८४ सालचं खेळणं त्याच घडणीत पुन्हा काढलं गेलं, ते मी बाहेरून मागवलं. गेले काही महिने ते रोज हाताळतो आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं बोलून घेऊ. आपल्याकडे खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर दिसणारी किंमत ही नुसती सुरुवात समजा. त्यात टपालखर्च आणि शुल्क मिळवून जो आकडा येईल तो परवडत असेल तरच पुढे जा. मला तो जड गेला, पण इतक्या महिन्यांनंतरही तो खर्च सार्थकी लागला असंच वाटतं.

हे खेळणं समजायचं तर त्याचा जन्म माहीत हवा. जपानच्या टाकारा कंपनीची ‘मायक्रोमॅन’ नावाची मालिका १९७४ पासून होती. तिच्यातूनच १९८३ मध्ये ‘मायक्रो चेंज’ ही शाखा निघाली. कल्पना अशी की घरातल्या रोजच्या वस्तू खऱ्या आकारात करायच्या आणि त्यांतून यंत्रमानव उलगडायचे. पुढे मेगाट्रॉन झालेलं पिस्तूल याच शाखेतलं, परसेप्टर झालेला सूक्ष्मदर्शक इथलाच आणि कॅसेट प्लेअरही इथलाच. अमेरिकेच्या हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं ही खेळणी टाकाराच्या ‘डायाक्लोन’ मालिकेतल्या गाड्या-विमानांसोबत घेतली, मार्व्हल या कॉमिक्स कंपनीकडून त्यांना नावं, स्वभाव आणि युद्धाची कथा लिहवून घेतली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आले. मोटारी आणि विमानं लहान करून बनवलेली आहेत. साउंडवेव्ह मात्र ज्या वस्तूचं सोंग घेतो, जवळपास तिच्याच मापाचा आहे. टेबलावर ठेवला तर तो टेबलावरच्या इतर वस्तूंमध्ये मिसळून जातो. दुसऱ्या कुठल्याही डिसेप्टिकॉनपेक्षा तो खरा वाटतो तो यामुळे.

मापाबद्दल एक खुलासा, कारण बरेच जण फसतात. आपण गाणी ऐकायचो ती मोठी कॅसेट याच्या छातीत बसत नाही. याच्या कॅसेटी मायक्रोकॅसेटच्या मापाच्या आहेत. ऑलिंपसनं १९६९ मध्ये आणलेली ही चिमुकली कॅसेट बातमीदार, डॉक्टर, वकील टिपणं बोलून ठेवायला वापरत. म्हणजे साउंडवेव्हचं सोंग गाण्यांच्या प्लेअरपेक्षा खिशातल्या ध्वनिमुद्रकाला जास्त जवळचं आहे. हेराला ते शोभतंही.

आता प्रत्यक्ष हाताळणी. प्लेअर उभा धरायचा, खालचा अर्धा भाग ओढून पाय करायचे, बाजूंतून हात सोडवायचे, वरून डोकं बाहेर काढायचं. सराव झाला की बोलता बोलता होतं, सूचनापत्रक लागत नाही. प्लेअरची बटणं यंत्रमानवाच्या कमरेवर येतात आणि कॅसेटचं दार त्याची छाती होते. काही लपवलेलं नाही, काही काढून बाजूला ठेवायचं नाही. आजची मोठी, महागडी खेळणी एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यायची तर बसून पत्रक वाचावं लागतं, आणि मधेच फोन आला तर कुठल्या पायरीवर होतो तेच आठवत नाही.

त्याच्या शस्त्रांची सोय मला फार आवडते. हातातली बंदूक आणि खांद्यावरची तोफ ही दोन्ही शस्त्रं पेन्सिल सेलच्या रूपात येतात आणि प्लेअरच्या पाठीमागे, सेल बसवायच्या खणात जाऊन बसतात. झाकण लावलं की झालं. प्लेअर उलटा करून बघणाऱ्यालाही संशय यायचं कारण उरत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी कारखान्यात बसून विचार केला की हेराची झडती घेतली तर काय सापडेल, आणि त्याचं उत्तर प्लास्टिकमध्ये ओतलं. असा विचार दिसला की मला त्या अनामिक कारागिरांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आणि ते दार. खांद्याजवळचं बटण दाबलं की छातीचं दार खटकन उघडतं आणि आत कॅसेट दिसते. हा खटका मी इतक्या वेळा दाबला आहे की घरातल्यांना तो आवाज ओळखीचा झाला आहे. स्प्रिंग अजून तशीच ताठ आहे.

याच्या कॅसेटीही उलगडून यंत्रप्राणी किंवा छोटे यंत्रमानव होतात. साउंडवेव्हसोबत बझसॉ मिळतो, सोनेरी-काळा गिधाडासारखा पक्षी. कार्टूनमध्ये सतत दिसणारा लाल पक्षी लेझरबीक वेगळ्या जोडीत होता, फ्रेंझी या छोट्या यंत्रमानवाबरोबर. काळा चित्ता रॅव्हेज आणि फ्रेंझीसारखाच छोटा यंत्रमानव रंबल ही दुसरी जोडी. मी रॅव्हेजची जोडी नंतर घेतली आणि माझं स्पष्ट मत आहे की रॅव्हेजशिवाय हे खेळणं अर्धं आहे. कॅसेट घ्या, नखानं कड उचला, पाय एकेक करून खाली आणा, डोकं बाहेर काढा, शेपूट सोडा. कॅसेटीच्या जाडीत मावणारा चित्ता असल्यामुळे समोरून पाहिलं तर तो अगदीच पातळ दिसतो, पण बाजूनं पाहिलं की दबा धरून बसलेलं जनावर. त्याच्या मांड्यांवरची चंदेरी क्षेपणास्त्रं मात्र वेगळी काढून ठेवावी लागतात, कॅसेटमध्ये ती मावत नाहीत. पक्ष्यांच्या पंखांवरच्या शस्त्रांचंही तेच. हे तुकडे बोटाच्या पेराएवढे आहेत, आल्याबरोबर झाकणाच्या डबीत टाका. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं ते उघड्यावर ठेवूच नका.

रंबल आणि फ्रेंझीच्या रंगाचा वाद नव्यांना माहीत नसतो. खेळण्यात रंबल लाल आणि फ्रेंझी निळा, तर कार्टूनमध्ये नेमकं उलटं. दोन्ही बाजूंचे चाहते गेली चाळीस वर्षं हटलेले नाहीत. मी खोक्यावर छापलेलं मानतो. माझ्याकडचा लाल गडी रंबलच.

पण मला खरं लिहायचं आहे ते त्याच्या स्वभावाबद्दल, कारण हे खेळणं हातात असताना तो स्वभाव नव्यानं उलगडला. मूळ खोक्याच्या मागे प्रत्येक पात्राची ओळख छापलेली असे आणि शेजारी ताकद, बुद्धी, वेग यांचा आलेख असे. तो आलेख लाल जाळीखाली दडवलेला, सोबत दिलेली लाल पारदर्शक पट्टी वर धरली की दिसायचा. या ओळखी मुख्यतः मार्व्हलच्या बॉब बुडियान्स्की यांनी लिहिल्या. साउंडवेव्हच्या ओळखीत तो संधिसाधू आहे. ऐकलेलं सगळं तो जपून ठेवतो आणि वेळ आली की त्याच्या जोरावर दुसऱ्याला कोंडीत पकडून स्वतःची जागा वाढवून घेतो. मेंदूतले विद्युतप्रवाह टिपून तो मनातलंही वाचतो. बाकीचे सगळे डिसेप्टिकॉन त्याचा तिरस्कार करतात आणि संधी मिळेल तेव्हा त्याच्यावर सूड उगवतात.

१९८४ मध्येच सुरू झालेल्या कार्टूनमध्ये मात्र वेगळाच साउंडवेव्ह भेटतो. फ्रँक वेल्कर यांचा यंत्रातून काढलेला, चढउतार नसलेला आवाज, मेगाट्रॉनवर अढळ निष्ठा, दिलेलं काम मुकाट्यानं पार पाडणं. स्टारस्क्रीमनं कट करावा आणि साउंडवेव्हनं तो मेगाट्रॉनच्या कानावर घालावा. बहुतेकांच्या मनात हाच साउंडवेव्ह पक्का बसला आहे आणि मलाही आधी तोच माहीत होता.

मला आता खोक्यावरचा जास्त पटतो. निष्ठावान हेर हा शेवटी कुणाचा तरी नोकर असतो. सगळ्यांची गुपितं जवळ बाळगणारा, कुणाचाच नसलेला हेर ही वेगळीच दहशत आहे. त्याच्यासमोर मेगाट्रॉनलाही तोलून मापून बोलावं लागेल. पुढच्या लेखकांनी या दोन्ही टोकांशी खेळ केला. आयडीडब्ल्यू या प्रकाशनाच्या कॉमिक्समध्ये त्याचा भूतकाळ येतो. सगळं ऐकू येणं हाच त्याच्यासाठी छळ होता, जगाचा गोंगाट डोक्यात मावत नव्हता, आणि रॅव्हेजसारख्या सोबत्यांनी त्याला लक्ष एकाग्र करायला शिकवलं. ते वाचल्यापासून छातीच्या दाराकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. ज्यांनी त्याला सावरलं त्यांना तो छातीत घेऊन फिरतो. २०२३ पासून स्कायबाउंड या प्रकाशनानं सुरू केलेल्या नव्या कॉमिक्समध्ये तो स्टारस्क्रीमला बाजूला सारून टोळीचं नेतृत्वच हाती घेतो. तिथं खोक्यावरचा महत्त्वाकांक्षी साउंडवेव्ह परत आला आणि मला मनापासून आनंद झाला.

पडद्यावरही त्याला कान म्हणूनच जपलं गेलं. २००९ च्या चित्रपटात तो पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह होऊन माणसांच्या दळणवळणात शिरतो. २०१० ते २०१३ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स प्राइम’ मालिकेत तो जवळजवळ मूक आहे, चेहऱ्याच्या जागी नुसता पडदा, आणि बोलायचं तर दुसऱ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवतो. माझ्या मते कार्टूनमधला हा सर्वांत भेदक साउंडवेव्ह. आकाशातलं यंत्र होऊनही तो तोच राहिला. तरी खेळणं म्हणून कॅसेट प्लेअरची सर कशालाच नाही. २००७ मध्ये जपानात त्याची खरोखर गाणी वाजवणारी एमपीथ्री आवृत्तीही निघाली होती. कल्पना सुंदर, पण पोटात कॅसेटींचं सैन्य नसेल तर साउंडवेव्ह एकटा पडतो.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? भाचा सुट्टीत आला होता. त्यानं मालिका पाहिलेली नाही, कॉमिक्स वाचलेली नाहीत, टेप रेकॉर्डर तर आयुष्यात पाहिलेला नाही. आईनं मात्र लांबूनच ओळखलं, “अरे, हा टेप का? केवढासा!” मी भाच्याला एवढंच सांगितलं की हा वाईट आहे आणि याच्या पोटातून पक्षी निघतो. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, “मामा, बझसॉ फ्रिजवर बसलाय. आजी लाडूंचा डबा कुठं ठेवते ते तो बघणार आणि साउंडवेव्हला सांगणार.” रॅव्हेज तोवर पलंगाखाली गेला होता. साउंडवेव्ह दिवाणखान्यातल्या टीपॉयवर प्लेअर होऊन निपचित पडलेला. मारामारी नाही, गोळीबार नाही, दुपारभर फक्त पाळत. जे बुडियान्स्कींनी खोक्यावर लिहिलं तेच त्या पोराच्या हातून आपोआप घडलं, कारण वस्तूच तशी घडवलेली आहे. खलनायकाचा स्वभाव खेळण्याच्या आकारातूनच मुलाच्या हातात उतरतो, असं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. मेगाट्रॉनचं पिस्तूल दिलं असतं तर पोरानं धाड धाड केलं असतं. तेही बरोबरच, पण त्यात मेगाट्रॉनचा असा वेगळा काही स्वभाव येत नाही.

टिकाऊपणाबद्दल. प्लास्टिक जाड आहे, सांधे अजून घट्ट आहेत, उभं केलं की उभा राहतो. खांद्याची तोफ रोज काढ-घाल करूनही सैल झालेली नाही. स्टिकर मात्र आपल्याला स्वतः चिकटवावे लागतात आणि आमच्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात त्यांच्या कडा उचलल्या जायला लागल्या. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन आधी जागा पुसली, हात कोरडे करून चिमट्यानं स्टिकर लावले आणि नख न लावता मऊ कापडानं मधून कडेकडे दाबले, तर फरक पडतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कपाटात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बझसॉच्या सोनेरी कडा सतत दारातून आत-बाहेर होऊन किंचित घासल्या गेल्या आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण ज्यांना नवंकोरं राहायला हवं त्यांनी छातीत एक कॅसेट कायमची ठेवावी आणि दुसरी हाताळावी.

हालचालीची अपेक्षा ठेवू नका. गुडघा वाकवून धावणारा, बोटं दाखवणारा साउंडवेव्ह हवा असेल तर टाकारा टोमीचा ‘मास्टरपीस’ एमपी-१३ बघा. तो कार्टूनशी हुबेहूब आहे, अंगानं खूप लवचिक आहे आणि किमतीनंही वेगळ्या वर्गातला आहे. फोटो काढणाऱ्यांसाठी तो योग्य. हा जुना साउंडवेव्ह ताठ उभा राहतो, हात थोडेफार हलतात, बस्स. या पात्राला ते शोभतं असं मी म्हणेन. साउंडवेव्हला धावताना मला बघायचंच नाही.

घ्यायचा असेल तर साउंडवेव्ह आणि रॅव्हेज-रंबलची जोडी एकदमच मागवा, टपालखर्च एकदाच लागेल. लेझरबीक-फ्रेंझी नंतर घेतले तरी चालतील. विक्रेत्याकडून आधी सेलच्या खणाच्या झाकणाचा आणि दाराच्या बटणाचा फोटो मागून घ्या, वापरलेल्या प्रतीत हेच दोन भाग आधी जातात. शस्त्रं सगळी आहेत का हेही विचारा, विशेषतः रॅव्हेजची. मी आता लेझरबीकच्या शोधात आहे, भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याला गच्चीवरचं काम आधीच नेमून दिलं आहे.