डब्ल्यूपीएल (बायकांची टी-ट्वेंटी लीग) २०२५: सीझन संपून आठ-नऊ महिने झाल्यावरचा रिव्ह्यू (लांबलंय, चहा घेऊन बसा)

सीझन संपल्या संपल्या लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. १५ मार्चला ब्रेबॉर्नवर फायनल झाली, मुंबईने दुसऱ्यांदा कप उचलला, त्या रात्री लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो. पण टी-ट्वेंटी लीगचं कसं असतं, संपली की आठवडाभरात लोक आयपीएलच्या मागे, आणि आपण काय बघितलं ते आपल्यालाच आठवत नाही. म्हणून म्हटलं जरा मुरू दे. मधे इंग्लंड दौरा झाला, वर्ल्डकप झाला, नोव्हेंबरमध्ये मेगा ऑक्शन पण झालं. आता सांगतो.

आधी एका वाक्यात: पैसे वसूल, पण ज्या कारणासाठी आपण तिकीट काढतो त्या कारणासाठी नाही.

म्हणजे काय, तर तिकीट आपण हरमन, स्मृती, ऑस्ट्रेलियाची पेरी यांच्यासाठी काढतो. त्या खेळल्याच, प्रश्नच नाही. मुंबईच्या नॅट सिव्हर-ब्रंटने तर ५२३ रन केल्या, एका सीझनमध्ये पाचशेच्या वर जाणारी पहिली, वरून विकेट्स वेगळ्या. पण सिव्हर-ब्रंट भारी आहे हे कळायला लीग कशाला पाहिजे, ते जगाला माहितीच होतं. माझ्या डोक्यात जे राहिलं ते वेगळंच, टीम शीटवर खाली खाली ज्यांची नावं असतात त्या देशी पोरी.

उदाहरण देतो. १० मार्चची मुंबई-गुजरात मॅच, मी आणि भाची ब्रेबॉर्नला होतो. सोमवार, ऑफिसातून पळत पळत चर्चगेट. मुंबईच्या १७९ झाल्या होत्या आणि गुजरातची बॅटिंग अशी काही गडगडली की आजूबाजूची मंडळी बॅगा उचलायला लागली, लोकलचा हिशोब सुरू. आणि तेवढ्यात भारती फुलमाळी. अमरावतीची पोरगी, विदर्भाकडून खेळते, २०१९ ला भारताकडून दोन टी-ट्वेंटी खेळली आणि नंतर जी बाहेर गेली ती गेलीच. तिने त्या दिवशी २५ बॉलमध्ये ६१ मारल्या राव! मुंबईचा गड, सगळं स्टेडियम निळं, आणि उचललेल्या बॅगा हळूहळू परत खाली. माझ्या शेजारचे एक काका मुंबईची जर्सी घालून भारतीसाठी शिट्ट्या मारत होते, त्यांची बायको त्यांना कोपराने ढोसत होती. शेवटी गुजरात ९ रनने हरली. पण स्टेशनपर्यंत चालताना कुणाच्या तोंडात हरमनच्या फिफ्टीचं नाव नाही, "ती फुलमाळी कोण रे" एवढंच. सहा वर्षं ती होती कुठे, तर होती की, विदर्भाकडून खेळतच होती, फक्त ते कुणी दाखवत नव्हतं.

किरण नवगिरेचं पण तसंच. सोलापूरकडची. पहिल्या सीझनला बॅटवर मार्करने एमएसडी ०७ लिहून आली होती ती. या सीझनला बडोद्यात दिल्लीविरुद्ध ओपनिंगला येऊन २७ बॉलमध्ये ५१. पुढे फार सातत्य नव्हतं, ते मान्य. पण ऑक्टोबरमध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने ३४ बॉलमध्ये सेंच्युरी मारली, बायकांच्या टी-ट्वेंटीमधली जगातली सगळ्यात फास्ट. बातमी वाचली आणि लगेच फेब्रुवारीतली ती इनिंग डोळ्यासमोर आली. आधी बघून ठेवलेलं असलं की बातमीला चेहरा येतो, नाहीतर आपल्यासाठी तो नुसता एक आकडा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जो टिकला तो. श्री चरणी. आंध्रची, कडप्पा जिल्ह्यातली, डावखुरी स्पिनर, दिल्लीने ५५ लाखाला घेतलेली. सीझनमध्ये मोजक्याच मॅच मिळाल्या, पण फायनलला खेळवली. त्या फायनलमध्ये तिला मारही पडला, दोन विकेट्सही मिळाल्या. माझी भाची डाव्या हाताने स्पिन टाकते त्यामुळे आमच्या घरात बाकी काही नाही, चरणी बॉलिंगला आली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. "मामा बघ, मार पडला तरी पुढचा बॉल परत वरच टाकला, घाबरून आखूड नाही टाकला." चौदा वर्षांच्या पोरीची कॉमेंट्री, पण एक्स्पर्ट लोकांच्या कॉमेंट्रीपेक्षा बरी होती. जूनमध्ये तीच चरणी नॉटिंगहॅमला पहिल्याच टी-ट्वेंटी इंटरनॅशनलला ४ विकेट १२ रन. आणि वर्ल्डकपमध्ये १४ विकेट्स, आपल्याकडून दीप्तीनंतर सगळ्यात जास्त.

क्रांती गौड घ्या. मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यातलं घुवारा नावाचं गाव, यूपीने १० लाख बेस प्राइसला घेतलेली फास्ट बॉलर. बेंगळुरूला दिल्लीविरुद्ध ४ विकेट्स काढल्या, त्याच मॅचमध्ये यूपीच्याच ग्रेस हॅरिसची हॅटट्रिक झाली त्यामुळे हेडलाइन तिकडे गेली. जुलैमध्ये चेस्टर-ले-स्ट्रीटला इंग्लंडविरुद्ध वनडेत ६ विकेट ५२ रन, ऑक्टोबरमध्ये वर्ल्डकपला पाकिस्तानविरुद्ध ३ विकेट २० रन आणि प्लेअर ऑफ द मॅच. फेब्रुवारी ते ऑक्टोबर, बस. मुंबईच्या अमनजोतने बेंगळुरूच्याच ग्राउंडवर आरसीबीच्या तोंडातून मॅच काढली होती, आधी ३ विकेट्स मग नाबाद ३४, आणि दुसऱ्या एंडला सोळा वर्षांची कमलिनी, जिने विनिंग फोर मारला. तीच अमनजोत २ नोव्हेंबरला डी वाय पाटीलवर वर्ल्डकप फायनलला दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्डचा कॅच दोन-तीनदा उडवून शेवटी पकडते तेव्हा अख्ख्या देशाचा श्वास अडकला होता, मी मात्र म्हटलं ही पकडणार, हिला प्रेशरमध्ये बघितलंय.

उलट बाजू पण आहे बरं का. वोल्वार्ड आणि ऑस्ट्रेलियाची लिचफिल्ड दोघी लीगमध्ये गुजरातच्या. इथल्या पिचेस, इथला दव, इथली गर्दी, सगळं पगार घेऊन शिकल्या आणि वर्ल्डकपला आपल्याविरुद्धच सेंच्युऱ्या मारल्या, लिचफिल्डने सेमीला, वोल्वार्डने फायनलला. चालायचंच, दुकान सगळ्यांसाठी उघडं ठेवलं की असं होणार.

आता तक्रारी. भरपूर आहेत.

पहिली, होम ग्राउंडचा घोळ. चार शहरं केली, बडोदा, बेंगळुरू, लखनऊ, मुंबई, आधीच्या सीझनपेक्षा सुधारणा आहेच, २०२३ ला सगळं मुंबईत, २०२४ ला दोनच शहरं. पण अख्खा तांडा एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, त्यामुळे होते काय की दिल्लीला दिल्लीत एकही मॅच नाही. सलग तिसऱ्यांदा टेबलमध्ये टॉप करून डायरेक्ट फायनलला गेलेली टीम, आणि फायनल कुठे तर मुंबईच्या घरात मुंबईशी. मी मुंबईवाला आहे, कप आला, आनंद झाला, पण हे बरोबर नाही. आरसीबीला मात्र घरच्या मॅच मिळून काय उपयोग झाला, बेंगळुरूला चारच्या चार हरल्या. त्यातली एक सुपर ओव्हरला, लीगमधली पहिलीच. यूपीच्या एकलस्टोनने आधी बॅटने मॅच टाय केली आणि मग सुपर ओव्हर टाकायला पण तीच, स्मृतीचा चेहरा बघवत नव्हता. स्मृती सांगलीची, तिथल्या माझ्या सासरवाडीत त्या रात्री जेवणं उशिरा झाली असं ऐकलं.

दुसरी, डायरेक्ट फायनलचा नियम. ऐकायला बक्षीस वाटतं, पण दिल्लीकडे बघा. इकडे मुंबई दुसऱ्या-तिसऱ्या नंबरमधली एलिमिनेटर खेळून २१३ ठोकून गरमागरम आली, दिल्ली आठवडाभर नेट्समध्ये. फायनलला दिल्लीच्या मॅरिझान कॅपने ४ ओव्हरमध्ये ११ रन देऊन २ विकेट काढल्या होत्या, मुंबई १४ ला २, तिथून हरमनने ४४ बॉलमध्ये ६६ काढून १४९ पर्यंत नेलं. चेस करताना कॅपने परत ४० मारल्या तरी ८ रनने गेली मॅच. अठराव्या ओव्हरला सिव्हर-ब्रंटने लागोपाठच्या बॉलवर कॅप आणि शिखा पांडे काढल्या तिथेच संपलं, निकी प्रसाद बिचारी एका बाजूला उभी राहिली. सलग तीन फायनल, तीन पराभव. लॅनिंगसारख्या कॅप्टनला, जिने ऑस्ट्रेलियासाठी कप ढिगाने जिंकले तिला, ते बघताना कसंतरीच झालं. नियमाचाच दोष असं म्हणत नाही, पण दोन क्वालिफायर ठेवायला काय हरकत आहे?

तिसरी, मॅच कमी. पाच टीम, २२ मॅच, महिनाभरात खेळ खल्लास. एखादी पोरगी दोन मॅच फेल गेली की सीझनचा पाव भाग गेला. धारावीची सिमरन शेख, गुजरातने १ कोटी ९० लाखाला घेतलेली, त्या ऑक्शनमधली सगळ्यात महाग. मोठी इनिंग आलीच नाही. लोक लगेच पैशाचा हिशोब काढायला लागले. अरे पण खालच्या नंबरला आठ-दहा बॉल मिळणार, त्यात ती करणार काय? चौदाऐवजी अजून थोड्या मॅच असत्या तर... आठ, सॉरी, आठच लीग मॅच एका टीमला. चौदा पुरुषांच्या.

अंपायरिंगवर लिहायचं नव्हतं पण त्या दुसऱ्याच मॅचचं लिहितो, बडोदा, मुंबई-दिल्ली. रनआउटला स्टंपची लाइट पेटलेली फ्रेम धरायची की बेल पूर्ण उचललेली, यावर एकाच मॅचमध्ये तीन वेळा वाद, शेवटच्या बॉलवर पण तेच आणि दिल्ली जिंकली. नियम काहीही असू दे, बघणाऱ्याला तो आधी माहीत पाहिजे. वाइड आणि नो-बॉलला रिव्ह्यू घ्यायची सोय मात्र मला आवडते, काही लोकांना वेळखाऊ वाटते. हो, फिल्डिंग. ग्राउंड फिल्डिंग दर वर्षी सुधारतेय, उंच कॅच अजून सुटतात, दवात तर फारच.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी: माझ्याकडे स्ट्रीम बऱ्याचदा मागे पडायची, वरच्या मजल्यावर ओरडा आला की समजायचं विकेट पडली. केबलवर बघा, सुखी राहाल.

आणि जर्सी! भाचीला चरणीचं नाव असलेला टीशर्ट पाहिजे होता, वर्ल्डकपनंतर. इथल्या मार्केटमधल्या दुकानदाराने शांतपणे विराटचा काढून दाखवला आणि म्हणाला "नाव बदलून देतो". ग्लोव्हजची पण बोंब, छोट्या साइजमध्ये डावखुरे मागितले तर ऑर्डर द्यावी लागेल म्हणे, आणि ऑर्डरचे दोन महिने. मैदानावर मात्र फरक दिसतो. तिच्या अकॅडमीत मार्चपर्यंत पोरी मुलांच्या बॅचमध्ये कोपऱ्यात असायच्या, आता सकाळची वेगळी बॅच आहे आणि नेटसाठी नंबर लावावा लागतो. याचं क्रेडिट लीगला जास्त की वर्ल्डकपला, मला विचाराल तर पालकांना वर्ल्डकपने पटवलं, पण पोरींनी नावं पाठ केली ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर आल्याशिवाय नाव पाठ होत नाही.

शेवटची तक्रार ताजी आहे, मेगा ऑक्शन. तीन वर्षं एका टीमशी जुळवून घ्या आणि मग सगळं ढवळून टाका. लॅनिंग यूपीला गेली. शिखा पांडे, आपली गोव्याची, छत्तिशी ओलांडलेली, तिला यूपीने २ कोटी ४० लाख दिले, हे वाचून इतका आनंद झाला की दिल्ली सुटल्याचं दुःख विसरलो. ऑस्ट्रेलियाची हीली अनसोल्ड. फुलमाळीला गुजरातने परत घेतलं, तेवढी एक अक्कल दाखवली. चरणी दिल्लीतच राहिली त्यामुळे आमच्या घरात शांतता आहे.

स्टार विचाराल तर चार. अर्धा होम ग्राउंडसाठी कापला, अर्धा मॅचेस कमी म्हणून.

पुढचा सीझन २०२६ ला ९ जानेवारीपासून ठरला, नवी मुंबई आणि बडोदा. म्हणजे परत दोनच शहरं, वर इतकं बोललो त्यावर पाणी. पण डोंबिवलीकरांना डी वाय पाटील चर्चगेटपेक्षा सोपं पडतं, ठाण्याला बदलून ट्रान्स हार्बरने नेरुळ. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा, सुपर ओव्हर झाली तर रिक्षावाले काय भाव सांगतील त्याचा नेम नाही. मॅचच्या तासभर आधी आत जा, वॉर्म-अपला स्पिनर एकाच स्टंपवर टाकत बसतात, ते टीव्हीवर दाखवत नाहीत आणि घरात कुणी स्पिन टाकणारी असेल तर तिकिटाचे निम्मे पैसे तिथेच वसूल.