पाण्याने मऊ होणारं प्लास्टिक: रबर की पांढरा डिंक?

कांब भिजवून वाकवायची, हे सांगलीच्या बुरुडाला कुणी शिकवावं लागत नाही. पण वाळली की काठी अन् भिजली की रबर, असा पदार्थ हवा असेल तर?

अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये असे दोन पदार्थ मांडले. प्रेरणा समुद्रकाकडी या समुद्री प्राण्याची, ती कातडी हवी तेव्हा ताठ करते. दोन्हींत सेल्युलोजचे (वनस्पतींच्या तंतूंतला पदार्थ) नॅनोस्फटिक, म्हणजे अतिसूक्ष्म ताठ कण, एकमेकांना धरून जाळं विणतात. पाणी मध्ये शिरलं की हात सुटतात, वाळलं की पुन्हा पकड.

पहिल्याचा पाया, म्हणजे हे जाळं ज्यात बसतं ते प्लास्टिक, रबरी. ताठरपणा साधारण ८०० मेगापास्कलवरून (ताठरपणा मोजायचं एकक) २० वर येतो. चाळीसपट, वाईट नाही.

दुसऱ्यात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे सुताराच्या पांढऱ्या डिंकातलंच पॉलिमर. इथे जाळ्यासोबत पायाही ढिला पडतो, कारण ओला झाल्यावर तो शरीराच्या उबेलाच मऊ होतो. ४,००० हून जास्त मेगापास्कल थेट दोनच्या आत!

मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत टिपणारी बारीक सुई, बसवायचा तर टोचताना ताठ, आत गेल्यावर मऊ हवा. मिरजेतल्या एखाद्या सर्जनने मला विचारलंच, तर मी डिंकवालाच सांगेन. रबरी कोरडा असतानाही त्यामानाने लवचीकच.