हे फील्डला गेल्यावर हातात काय घ्यावं: गोधडी, कव्हरं की अख्खा सोफा?

आम्ही फौजींच्या बायका, आणि फील्ड म्हणजे नवऱ्याची अशी पोस्टिंग, जिथं कुटुंब नेता येत नाही. आमच्या ब्लॉकमध्ये नवीन आलेल्या एका मुलीनं परवा जिन्यातच अडवलं. "काकी, ह्यांना फील्ड लागलंय. दोन वर्षं तरी धरून चालायचं. शिवणाचं मशीन माहेरहून आणलंय, पोरगी शाळेत जाते. सोफा उसवू का?"

मी म्हटलं, आधी सोफा उलटा कर आणि कुणाचा आहे ते बघ.

हे गमतीत घेऊ नका. सरकारी क्वार्टरमधलं पुष्कळसं फर्निचर एमईएसचं, म्हणजे फौजेच्या बांधकाम-देखभाल खात्याचं असतं. खुर्चीच्या बुडाला नाहीतर पाठीमागे रंगानं आकडे घातलेले असतात. क्वार्टर सोडताना मार्चिंग आउटला एकेक वस्तू मोजून घेतात, बिघडलेलं सापडलं की बॅरेक डॅमेजच्या नावाखाली पैसे कापले जातात. मीही एकदा हौसेनं खुर्चीचे दोन स्क्रू काढले, तिसरा काढायला आडवी केली तेव्हा पांढऱ्या रंगातला नंबर दिसला. मुकाट्यानं दोन्ही स्क्रू परत पिळले. अशा वस्तूला नाड्यांनी बांधायचं सुटं कव्हर, एवढंच. खिळा नाही, पिन नाही, चिकटवायचं सोल्युशन तर अजिबात नाही.

सासरी राहत असाल तर वेगळीच अडचण. आमच्याकडे कोल्हापूर-साताऱ्याला घरटी फौजी असलेली गावं आहेत, सैनिक टाकळी म्हणा, अपशिंगे मिलिटरी म्हणा. तिथं सोफा कागदोपत्री तुमचा असला तरी त्यावर दुपारी मामंजी झोपतात. तो आठवडाभर उघडा पडला तर घरातलं वातावरण कसं असेल, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता सोफा तुमचाच आहे असं धरू. नवरा बाहेर असताना बायका साधारण तीन प्रकारची कामं काढतात. पहिली म्हणजे हातशिलाई, गोधडी किंवा वाकळ. दुसरी मशीनवरची: पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची सुटी कव्हरं, जेवणाच्या खुर्च्यांच्या सीटा. तिसरं काम म्हणजे सोफा पार सांगाड्यापर्यंत उसवून नव्यानं भरणं. ही तिन्ही मी केलीत, आणि अवघड कोणतं यावरून त्यांची तुलना करत नाही. माझं माप एकच आहे: काम मधेच सोडून उठता येतं का?

कारण उठावं लागतंच. सिग्नल मिळेल तेव्हा फोन येतो, आणि तो चार मिनिटांत कधी कट होईल सांगता येत नाही. पोराला रात्री ताप चढतो. वर्षाला साठ दिवसांची रजा आहे खरी, पण ती हातात पडेपर्यंत खरी नाही. रिलीव्हर, म्हणजे जागेवर येणारा माणूस, आला नाही, रस्ता बंद झाला, की वीस तारखेचा माणूस पाच तारखेला येतो. कधी उलटं होतं, फोन येतो, "परवा पोचतोय." आणि हॉलमध्ये सोफ्याची हाडं पसरलेली.

गोधडी: सोडायला सर्वांत सोपी

या मापावर गोधडीला तोड नाही. जुनं नऊवारी किंवा सुती साडी, चार पदर, वर ठिगळं लावायची असतील तर ती, आणि धावदोरा. कडेनं सुरू करायचं आणि आत आत जायचं. फोन आला की सुई कापडात खोचून उठलं, काम तिथंच थांबलेलं असतं. लाइट गेली तरी चालतं, मशीनचा आवाज नाही, पोरगं मांडीशी झोपलेलं असलं तरी हात चालू राहतो. बदलीच्या वेळी काळ्या पेटीत घडी घालून जाते आणि वाटेत क्रॉकरीच्या मधे ठेवायलाही उपयोगी पडते.

तोटे सांगते. महिनोन् महिने चालते, म्हणून ज्यांना आठवड्यात काहीतरी झालेलं दिसायला हवं त्यांनी हिच्या नादी लागू नये. सिंथेटिक साडी मधे घालू नका, पदर सरकतात आणि टाके फुगतात. आणि एक कबुली: हात चालतो तेव्हा डोकंही चालतं. बातम्या वाईट असतील त्या आठवड्यात मला गोधडी सोसली नाही. त्या दिवसांत मोजमाप करायचं, आकड्यात अडकवणारं काम बरं वाटलं.

पडदे, कव्हरं, सीटा

मशीनवरची कामं मधल्या मापाची. एक शिवण संपली की थांबता येतं. पण यातही सगळं सारखं नाही.

पडद्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. फौजीच्या घरी पडदा म्हणजे दर स्टेशनला नवा वाद. एका ठिकाणी खिडकी चार फुटी, दुसऱ्या ठिकाणी दार साडेसात फुटी. शिवायचेच असतील तर खाली सहा-आठ इंचांची मुडप ठेवा, आत दुमडलेलं कापड पुढच्या घरी सोडता येतं. रुंदीला खिडकीच्या दुप्पट कापड धरा. कमी धरलं की पडदा चादरीसारखा सपाट लोंबतो.

सोफ्याची सुटी कव्हरं दिसतात सोपी, असतात त्रासाची, कारण सोफ्याचे हात गोल असतात आणि कापड सरळ. आधी मांजरपाटाचं कच्चं कव्हर करा, सोफ्यावरच पिना लावून, आतली बाजू वर ठेवून. ते बसलं की मगच चांगलं कापड कापा. मांजरपाट वाया जात नाही, पुढं अस्तराला लागतो. आणि सुती कापड कापण्याआधी एकदा पाण्यातून काढा. मी काढलं नव्हतं, पहिल्या धुण्यानंतर कव्हर सोफ्यावर चढेना. भाचीला दोन पिशव्या झाल्या त्याच्या.

नवशिकीनं सुरुवात करावी ती मात्र जेवणाच्या खुर्च्यांपासून, आणि हे मी कुणालाही डोळे मिटून सांगेन. खुर्ची उलटी करा. सीट चार स्क्रूंवर बसलेली असते. स्क्रू काढले की फळी, त्यावर फोम आणि कापड एवढंच हातात येतं. जुनं कापड काढा, फोम बसला असेल तर बदला, नवं कापड ओढून खालून स्टेपलच्या पिना मारा. ओढायचं ते समोरासमोर: आधी पुढची बाजू मधे एक पिन, मग मागची, मग दोन्ही कडा, आणि कोपरे सर्वांत शेवटी. कोपऱ्यापासून सुरू केलं की कापडाची वीण तिरकी होते, आणि चौकडीचं कापड असेल तर ते लांबूनही दिसतं. यात शिलाई जवळपास नाहीच. अठरा इंची सीट असेल तर दुमडायला धरून चोवीस इंचांचा चौकोन लागतो. सोफ्याचं कापड चौपन्न इंच पन्ह्याचं येतं, म्हणजे पन्ह्यात दोन चौकोन, आणि सहा खुर्च्यांना दोन मीटर पुरतं. एक खुर्ची एका दुपारची. पोरगी शाळेतून यायच्या आत स्क्रू परत पिळून त्यावर तिचं ताट ठेवता येतं.

सोफा उसवणं

आता मूळ प्रश्न. माझा तीन जणांचा सोफा एका पोस्टिंगवर निघालेल्या कुटुंबाकडून घेतलेला, तिसऱ्या हाताचा. बसलं की माणूस आत जायचा आणि उठताना हात द्यावा लागायचा. हे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात काढला. पहिले दोन दिवस निव्वळ पिना आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, उपसण्यात गेले. चपट्या पेचकसानं उचकटायचं, पकडीनं ओढायचं. शेकड्यांनी निघतात. एक पायात गेली, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख कळली. सोफ्यावर चादर टाकली आणि गावी गेले. परत आले चोवीस दिवसांनी. कापडाचे सगळे तुकडे एका गोणीत होते, आणि डावा हात कुठला, पाठीची पट्टी कुठली, काही केल्या आठवेना.

तेव्हा उसवणारच असाल तर प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूनं नाही, पेननं लिहा: "डावा हात, आतली बाजू, वरचं टोक इकडं." उसवताना दर टप्प्याचा फोटो काढा, कारण बसवायचं ते बरोबर उलट्या क्रमानं. जुनं कापड फाडू नका, तोच तुमचा नमुना. तीन जणांच्या साध्या सोफ्याला सात ते नऊ मीटर कापड धरा. मखमल असेल तर जास्त, कारण तिची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला यावी लागते. नाहीतर एकाच थानातलं कापड दोन रंगांचं दिसतं.

आत काय निघेल ते नशिबावर. माझ्या सोफ्यात वर फोम, खाली काथ्या आणि सगळ्यात खाली सैल पडलेले पट्टे होते. खरा दोष त्या पट्ट्यांत होता. हे आधी कळलं असतं तर बुडाचं काळं कापड तेवढं सोडवून पट्टे ताणून बसवले असते आणि बाकीचा सोफा जागेवर राहिला असता. म्हणून उसवण्याआधी बुडाखाली हात घालून दाबून बघा.

मशीनचंही इथंच कळतं. सुती अभ्र्याला चौदा नंबरची सुई पुरते, जाड कॅनव्हासला सोळा, रेक्झिनला अठरा. पाइपिंगच्या, म्हणजे कडेला दोरी घालून शिवलेल्या गोल पट्टीच्या, कोपऱ्यावर कापडाचे सहा-सहा थर येतात. तिथं माझ्या धाकट्या जावेचं हलकं ऑटोमॅटिक मशीन घुरघुर करून थांबलं. आईचं पायाचं काळं मशीन मात्र चाक हातानं फिरवत एकेक टाका टाकत पार झालं. रेक्झिनला टाका लांब ठेवा, बारीक टाक्यानं ते पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटतं. टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. मशीनचा पाय चिकटून ओढायला लागला तर थोडी टाल्कम पावडर चोळा.

मग करावा का नाही? नवरा नुकताच गेलाय, रजेला निदान चार महिने आहेत, घरात बसायला दुसरी जागा आहे आणि मुलं पिना तोंडात घालायच्या वयाची नाहीत, अशा वेळी करा. त्यातल्या ठोकाठोकीत एक सुख आहे, ते गोधडीत नाही. रागाला जागा मिळते. यातली एक जरी गोष्ट नसेल तर खुर्च्या करा, सोफ्याला सुटं कव्हर घाला. आणि रजेची तारीख दीड महिन्यावर आली असेल तर सुरूच करू नका. माणूस साठातले काही दिवस घेऊन घरी येतो, त्यातले चार पकड धरून बसण्यात जाऊ नयेत.

एकटीनं शिकायला नको वाटत असेल तर युनिटच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये चौकशी करा. आव्वा, म्हणजे सैनिकांच्या बायकांची संघटना, 1966 पासून आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यातर्फे शिवणाचे वर्ग चालतात. सोफा भरणं तिथं शिकवतीलच असं नाही, पण पाइपिंग आणि झिप लावायला तर नक्की शिकाल. शिवाय मोठं टेबल मिळतं. क्वार्टरमधल्या जमिनीवर बसून सोफ्याचं कापड कापलंय त्यांना त्या टेबलाची किंमत कळेल.

कुशनवाल्याकडे दिला तर

चौथा मार्ग हाही आहे, आणि त्यात कमीपणा नाही. कापड आपण आणायचं, कव्हरं आपण शिवायची, भरणं आणि ठोकणं त्यानं करायचं, हा मधला करार मला सर्वांत पटला. पुण्यात असाल तर कापड, दोरे, झिपा रविवार पेठेत एका फेरीत होतात. कारागीर घरी बोलवायचा तर गेटवर त्याचा पास, दोन-तीन दिवस दिवसभर घरात परका माणूस, हे सगळं आलं. एकट्या बाईला त्यापेक्षा सोफा दुकानात पाठवणं सोयीचं. पाठवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

लक्ष ठेवायचं ते फोमवर. कापड डोळ्यांना दिसतं, फोम आत जातो. मला एका दुकानात "चाळीस डेन्सिटी" सांगून हलका माल भरून दिला होता, आठ महिन्यांत खड्डा. चाळीस डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला चाळीस किलो. हिशेब केला तर सहा बाय तीन फुटांचा, चार इंच जाडीचा शीट पावणेसात किलोच्या आसपास भरायला हवा. बत्तीसचा असेल तर साडेपाच. तेव्हापासून मी फोम स्वतः घेते आणि कापायच्या आधी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवते. तो पहिल्यांदा हसला होता. आता मी विचारायच्या आधीच तो काटा रिकामा करून देतो.