अजून एक अटेम्प्ट, की ध्येयच थोडं वळवायचं?

वयोमर्यादा, कट-ऑफ, जागा किती निघतील हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं पाठ असणार, त्यात जात नाही. प्रश्न एवढाच आहे की एमपीएससीच्या राज्यसेवेलाच धरून बसायचं, की ध्येय जरा वळवून घ्यायचं. मी नागपुरात नंदनवनच्या एका अभ्यासिकेत चार वर्षं पहिलं केलं, मग दुसरं. ताण दोन्हीकडे आहे, पण त्याची जात वेगळी.

धरून बसण्याबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण हल्ली त्याची उगाच नालस्ती होते. एकच ध्येय असलं की सकाळी उठून काय करायचं हा प्रश्नच उरत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, कुलर घरघर करतोय, तरी माणूस दहा तास बसतो. आणि टिकणाऱ्यांपैकी काही लागतातही. आमच्या रांगेतला एक जण पाचव्या खेपेला लागला. तो तिसऱ्यालाच उठून गेला असता तर? याला माझ्याकडे उत्तर नाही.

मला मात्र एका दाढेने उठवलं.

२०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिलला होती. फेब्रुवारीत उजवीकडची दाढ ठणकायला लागली. म्हटलं, पूर्व झाली की दाखवू. मग कोरोना आला, परीक्षा पुढे गेली, दवाखानेही बंद. ते उघडले, तरी माझं 'पूर्व झाली की' चालूच. परीक्षा पुन्हा पुढे, मग पुन्हा. जानेवारीत तर्री पोहे खाताना तर्रीतला एक चणा कडक निघाला आणि दाढेचा तुकडाच हातात आला. माणसाने तेव्हा तरी जावं ना! मी काय केलं, तर डावीकडून चावायला लागलो. दोन महिन्यांवर १४ मार्च होती. ११ मार्चला तीही पुढे ढकलली, पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, आणि शेवटी २१ मार्च २०२१ ला पेपर झाला. तोवर दाढ वाचवण्यासारखी राहिली नव्हती. काढावी लागली.

दाढेचं दुःख मोठं नाही हो. पण खुर्चीत तोंड उघडून पडलेलो असताना एकेक आठवायला लागलं: मावसभावाचं लग्न, चष्म्याचा नंबर, आईला एकदा शेगावला न्यायचं होतं ते. सगळं 'पूर्व झाली की'च्या खात्यात जमा. अभ्यासाचा त्रास मला कधी फारसा झाला नाही. झाला तो या खात्याचा. परीक्षेची तारीख माझ्या हातात नव्हती, आणि मी बाकीचं आयुष्यही त्याच तारखेला बांधून ठेवलं होतं.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. योखेन ब्रान्टश्टेटर आणि गेरोल्फ रेनर या जर्मन अभ्यासकांनी १९९० मध्ये या दोन वृत्ती वेगवेगळ्या मोजल्या: ध्येय चिकाटीने धरणं आणि परिस्थिती पाहून ते जुळवून घेणं. मला त्यात पटलं ते हे की या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. वय वाढतं तसा चिकाटीचा जोर उतरतो आणि जुळवून घेणं वाढतं, असंही त्यांना दिसलं. म्हणजे चोविसाव्या वर्षी वळणं हार वाटते, त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही.

वळण्यातही एक फसवा प्रकार आहे. माझा एक मित्र अभ्यासिका सोडून घरी गेला आणि आठ महिने नुसता मोबाइल पाहत पडून राहिला. त्याला मी लवचीकपणा म्हणणार नाही. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांपासून ते कर्करोग झालेल्या मुलांच्या आईबापांपर्यंत हेच तपासलं. जुनं सोडता येणं हा एक गुण आणि नवं धरता येणं हा दुसरा, असे त्यांनी दोन्ही वेगळे धरले. मित्राला पहिला जमला, दुसरा नाही.

मी कर सहायक पदाच्या परीक्षेकडे वळलो. त्याला टायपिंग लागतं, मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. टायपिंग क्लासमध्ये शेजारी बारावीच्या पोरी, आणि मी एकोणतीस वर्षांचा, 'भावी उपजिल्हाधिकारी'. पहिला आठवडा लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण रोज संध्याकाळी स्क्रीनवर आकडा दिसायचा: बारा, सतरा, चोवीस. चार वर्षांत मला कोणी रोज आकडा दाखवला नव्हता. झोप लागायला लागली. अभ्यास तसा बराचसा तोच होता, इतिहास-भूगोल कुठे जातो!

तुमची मुख्य परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली असेल, तर माझं ऐकू नका, द्या अजून एकदा. आता मुख्य वर्णनात्मक झाली आहे, ज्याचा लिहिता हात आहे त्याला कदाचित ती सोयीचीही जाईल. पण पूर्वच निघत नसेल आणि तुमच्याकडेही असं एखादं खातं साचलं असेल, तर मी वळण्याच्या बाजूचा आहे. फक्त कुठे वळणार ते निकालाआधी ठरवा, निकालाच्या रात्री नको.

घरी सांगायची भीती मलाही होती. बाबा कुलरमध्ये बादलीने पाणी टाकत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"बरं. मंग त्या टायपिंगची फी किती हाय?"