दुर्बिणीला फोन जोडावा, स्पॉटिंग स्कोप घ्यावा की झूम कॅमेरा?

जानेवारीत नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर उभं राहिलं की पहिली अडचण येते ती अंतराची. पाणी ओसरलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर पट्टकादंबांचा थवा चरत असतो, पण तो शंभर-दोनशे मीटरवर. फोनच्या कॅमेऱ्यात नुसते ठिपके येतात. गळ्यातल्या दुर्बिणीतून मात्र त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसतात. मग दुर्बिणीलाच फोन लावला तर? जमतं, आणि खर्चही बेताचा येतो. फक्त त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे पैसे खर्च करायच्या आधी माहीत असावं.

आधी हिशेब

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २५ मिमीच्या लेन्सइतकं दृश्य टिपतो (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं). ८×४२ दुर्बिणीमागे (८ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमी व्यासाची) लावला की तो २०० मिमीचा होतो, १०×४२ मागे २५० मिमीचा आणि २० पट स्पॉटिंग स्कोपमागे (स्टँडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) ५०० मिमीचा. निकॉन पी९५० सारखा झूम कॅमेरा एकटाच २००० मिमीपर्यंत जातो.

आता शंभर मीटरवरचा पट्टकादंब घ्या. लांबी साधारण पाऊण मीटर. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. त्यात ८ पटीच्या दुर्बिणीतून हा पक्षी १६० पिक्सेलचा येतो, १० पटीतून २००, २० पटीच्या स्कोपमधून ४००. पी९५० वर पूर्ण झूमला तोच पक्षी अठराशेच्या घरात जातो. दोनशे मीटरवर हे सगळे आकडे निम्मे.

याचा सरळ अर्थ असा: १६० पिक्सेलमध्ये पक्षी ओळखता येतो, थव्यातली संख्या मोजता येते, नोंदीला पुरावा म्हणून जोडता येतो. भिंतीवर लावायचा फोटो त्यातून होत नाही. फोन ५० मेगापिक्सेलचा असो की २०० चा, दुर्बिणीची काच आणि हात किती स्थिर आहे यावरच हे ठरतं. फोन बदलण्यापेक्षा स्टँडवर खर्च केलेला केव्हाही बरा.

फोन बसवायचे मार्ग

नुसत्या हाताने धरणं फुकट आहे आणि शिकायला उत्तम. आयकप (दुर्बिणीला डोळा टेकवायची रबरी कड) फिरवून वर काढायचा, डाव्या हाताची तर्जनी आणि अंगठा आयकपभोवती कड्यासारखा धरायचा आणि त्यावर फोन टेकवायचा. दहा फोटोंत दोन-तीन नीट येतात. बसलेल्या मोरासाठी चालतं, पण व्हिडिओ हाताने धरून काढण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन मिळणारा युनिव्हर्सल क्लॅम्प हजार-दीड हजाराच्या आसपास येतो. कुठल्याही फोनला आणि बहुतेक दुर्बिणींना बसतो, हीच त्याची जमेची बाजू. तोटे तीन. दर वेळी लेन्स मध्यावर आणायला दोन-तीन मिनिटं जातात, तोवर पक्षी उडतो. वजनदार फोन हळूहळू खाली सरकतो. आणि क्लॅम्पचा जबडा नेमका पॉवरच्या बटणावर येऊन स्क्रीन बंद पडतो. विकत घेताना जबड्याची जागा वर-खाली सरकवता येते का, ते आधी बघा.

तिसरा प्रकार म्हणजे ठरावीक फोनचं कव्हर आणि ठरावीक दुर्बिणीची रिंग, दोन्ही एकमेकांत अडकणारी. फोन स्कोपसारख्या कंपन्या असेच सेट करतात. पाच सेकंदांत बसतं, मध्य कधी हलत नाही. फोन बदलला की कव्हर पुन्हा घ्यावं लागतं आणि भारतात मागवायचं तर खर्च वाढतो. पण वर्षभर नियमित नोंदी करणाऱ्याला हाच प्रकार परवडतो.

आणि चौथा, घरी करायचा. आम्ही हा मनापासून सुचवतो, कारण सामान तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आधी आयकपचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. समजा ३८ मिमी भरला. ४० मिमी पाइपाचा पीव्हीसी कपलर आतून ४० मिमीचा असतो. आत सायकलच्या जुन्या ट्यूबची १ मिमी जाडीची पट्टी लावली की आयकप घट्ट बसतो. कपलरच्या आत मधोमध एक कड असते. करवतीने कपलर असा कापा की ती कड फोनकडच्या टोकाला राहील, म्हणजे आयकप आत घुसून कॅमेऱ्याच्या काचेवर आदळणार नाही.

फोनचं कव्हर कडक प्लास्टिकचं घ्या. मऊ रबरी कव्हरवर अ‍ॅराल्डाइट धरत नाही, चार दिवसांत निखळतं. मुख्य लेन्स फोनच्या कडेजवळ असल्याने कपलर अर्धा हवेत राहतो, म्हणून कव्हरवर आधी ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवा आणि त्यात कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून घ्या. कपलर लगेच चिकटवू नका. दुर्बीण उजेडाच्या भिंतीकडे धरा, कॅमेरा चालू करून कपलर सरकवत राहा, उजेडाचं वर्तुळ स्क्रीनच्या बरोबर मध्यावर आलं की मार्करने खूण करा आणि मगच चिकटवा. एक दिवस वाळू द्या. आतून काळा मॅट रंग मारा, नाहीतर पांढरं पीव्हीसी चमकून फोटो फिका करतं.

काळं वर्तुळ दिसलं तर

बहुतेक जण इथेच कंटाळून अडॅप्टर कपाटात टाकतात. काळोख तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

सगळीकडून सारखी काळी कड, मध्ये मोठं स्वच्छ वर्तुळ: यात बिघाड काहीच नाही. दुर्बिणीचं दृश्यच गोल असतं आणि फोनचा कॅमेरा त्याहून जास्त रुंद बघतो. फोनवर दीड ते दोन पट झूम करा, कड निघून जाईल.

एका बाजूने चंद्रकोरीसारखी सावली: लेन्स मध्यावर नाही. सावली ज्या बाजूला आहे त्या बाजूने एखादा मिलिमीटर सरकवून बघा, वाढली तर उलट दिशेने.

वर्तुळ फारच लहान, किंवा सावल्या सारख्या तरंगताहेत: फोन आणि काच यांतलं अंतर चुकलंय. दुर्बिणीतून येणारा उजेड मागच्या काचेपासून साधारण १५ ते १८ मिमीवर एका लहान ठिपक्यात गोळा होतो, आणि फोनची लेन्स तिथेच हवी. आयकप एकेक टप्पा फिरवत जा. ८×४२ मध्ये हा ठिपका ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिमीचा असतो, त्यामुळे थोडी चूक खपते. ८×२५ खिशातल्या दुर्बिणीत तो जेमतेम ३ मिमीचा. म्हणून फोन लावायला ती घेऊ नका.

झूम करताना अचानक अंधार झाला, तर फोनने स्वतःहून दुसरा कॅमेरा चालू केलाय. प्रो मोडमध्ये मुख्य कॅमेरा निवडून ठेवा आणि आपोआप चालू होणारा मॅक्रो बंद करा. त्यानंतर स्क्रीनवर पक्ष्याला दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा आणि बारीक फोकस दुर्बिणीच्या चाकानेच जुळवा. फोन डाव्या नळीला लावलेला सोयीचा, कारण बहुतेक दुर्बिणींत उजव्या नळीला डोळ्याच्या नंबरासाठी वेगळी रिंग असते आणि ती धक्क्याने फिरते.

स्टँड

फोन आणि अडॅप्टर धरून ८×४२ दुर्बीण किलोभर होते. वीस सेकंदांत हात थरथरतो. चांगल्या दुर्बिणीच्या पुढच्या बाजूला, दोन नळ्यांमधल्या दांड्याच्या टोकाला एक झाकण असतं. ते काढलं की आत पाव इंची आटे दिसतात. तिथे एल आकाराचा ब्रॅकेट लावून ट्रायपॉडवर बसवा. फोनचं वजन मागे असल्याने दुर्बीण मागे झुकते, त्यामुळे हेडचा स्क्रू नीट आवळा. गाडीतून बघत असाल तर कापडी पिशवीत दीड किलो ज्वारी भरून खिडकीच्या काचेवर ठेवा. ट्रायपॉडपेक्षा ती कधी कधी जास्त स्थिर राहते.

स्क्रीनला बोट लावून फोटो काढला की सगळं हलतं. दोन सेकंदांचा टायमर किंवा ब्लूटूथ रिमोट वापरा. हातात धरून काढताना शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको. स्टँडवर, पक्षी स्थिर असेल तर १/२५० पुरतं.

तिघांत कुणाचं काय

दुर्बीण आणि फोन ही जोडी बसलेल्या, चरणाऱ्या, उभ्या प्राण्यांसाठी आहे. नायगाव मयूर अभयारण्यातला मोर चाळीस-पन्नास मीटरवर आला तर ती झकास काम करते. येडशी-रामलिंगचं चिंकाराही थबकून बघत असेल तेवढ्यात मिळतं, अडॅप्टर आधीच लावलेला असेल तर. उडत्या पक्ष्यांसाठी तिचा उपयोग शून्य. दुर्बिणीतून दृश्य अरुंद दिसतं आणि फोन बटण दाबल्यावर थोडा थांबतो. गौताळ्याच्या झाडीतही ती अडखळते, कारण मध्ये आलेल्या फांदीवरून फोकस पक्ष्यावर न्यायला दर वेळी चाक फिरवावं लागतं.

स्पॉटिंग स्कोपचं खरं घर म्हणजे जायकवाडी, सिद्धेश्वर, माजलगाव असे मोठे जलाशय. पक्षी लांब, जागा उघडी, एकाच ठिकाणी तासभर थांबायचं. ६५ मिमीचा २०-६० पट स्कोप घेतलात तर फोन २० ते ३० पटीतच वापरा. ६० पटीला उजेडाचा ठिपका फक्त १ मिमीचा उरतो, चित्र काळपट आणि मऊ पडतं. स्कोपसोबत भक्कम ट्रायपॉड आलाच, त्यामुळे बजेट धरताना दोन्ही धरा. स्वस्त काचेत पांढऱ्या बगळ्याभोवती जांभळी-हिरवी किनार येते. ईडी काचेत (रंग कमी फाकवणारी खास काच) ती बरीच कमी होते.

पी९५० चं वजन १ किलो, भाव साठ हजारांच्या पुढे. पक्ष्यांसाठी वेगळा मोड, समोर बघायला व्ह्यूफाइंडर, काही जोडायचं नाही. फोटो हेच तुमचं मुख्य काम असेल तर दुर्बीण-फोनच्या खटपटीत पडूच नका, थेट हा घ्या. पण त्याचं सेन्सर आजच्या बऱ्याच फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा लहान आहे, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर त्याचे फोटो लवकर दाणेदार होतात. आणि त्यातून दुर्बिणीसारखं दोन्ही डोळ्यांनी तासन्‌तास बघता येत नाही. बघणं आधी आणि फोटो नंतर असेल, तर चांगली ८×४२ घ्या आणि अडॅप्टर पुढच्या महिन्यात.

ऊन

मराठवाड्यात हा मुद्दा वेगळा सांगावाच लागतो. फेब्रुवारीनंतर सकाळी दहाच्या पुढे काळ्या रानावर झळा उठतात आणि दीडशे मीटरपलीकडचं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. यावर कुठलीही काच, कुठलाही कॅमेरा उपाय नाही. मोठी पट असलेल्या साधनाला त्याचा फटका सगळ्यात जास्त बसतो: साठ हजारांच्या कॅमेऱ्याचा पूर्ण झूम आणि ८ पटीची दुर्बीण तेव्हा जवळपास एकाच पातळीवर येतात. म्हणून सकाळी सूर्योदयापासून नऊपर्यंतच फोटो घ्या आणि जमिनीलगत न बसता थोड्या उंचावरून, बांधावरून किंवा धरणाच्या भिंतीजवळून बघा.

फोनही तापतो. उन्हात ४के व्हिडिओ चालू ठेवला की काही मिनिटांत स्क्रीन अंधुक होते आणि कॅमेरा बंद पडतो. व्हिडिओ १०८० वर ठेवा, मध्ये मध्ये बंद करा, फोनवर पांढरा रुमाल टाका. धूळ बसली तर काच शर्टाने पुसू नका, आधी फुंकणीच्या रबरी बल्बने उडवा आणि मग मायक्रोफायबर. काळ्या मातीच्या धुळीत बारीक खडे असतात आणि एकदा ओरखडा पडला की काच बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

दुकानात दुर्बीण बघायला जाताना फोन आणि अडॅप्टर सोबत न्या. पाव इंची आटे आहेत का बघा, आयकप टप्प्याटप्प्याने थांबतो का फिरवून बघा, आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोन धरून मध्यभाग आणि कडा दोन्हीकडची अक्षरं वाचता येतात का तपासा.